बोडीच्या मायचा नारळ

माझी बायको गेल्या माघात गेली. तिला माती देऊन आलो, माणसं अंगणात बसली, आणि आमच्याच भावकीतली एक म्हातारी भिंतीला टेकून म्हणाली, "मोठी जिद्दी बाई होती. पोर देल्ली, पण नारळ नाही देल्ला." ज्यांना काहीच ठाऊक नाही तेही माना डोलवत होते. त्या दिवशी भांडायचं बळ नव्हतं. आता लिहितो.

उन्हाळ्यात आम्ही तेंदूपत्ता तोडायला पहाडावर जायचो. लांजीकडच्या डोंगरात वर एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहानसं तळं. तीन बाजूंनी डोंगर, एका बाजूनं उतार, आणि भर उन्हाळ्यातही पाणी आटत नाही. पहाटे निघालं की ऊन डोक्यावर येता येता पोचायचो. पाठीवर गठोडं. त्यात तांदूळ, मीठ, मिरच्या, भात रांधायला जर्मनचा गंज आणि एक गोधडी. वर गेलं की डहाळ्यांचा मांडव घालायचा, तीन दगडांची चूल मांडायची, झाला डेरा. तोडणी संपेपर्यंत तिथंच राहायचं. आता शहरातली पोरं पाठीवर थैल्या लटकवून तिथं मजेनं मुक्काम करतात म्हणे. करू देत. आम्ही पोटासाठी जायचो.

पाण्याकाठी शेंदूर लावलेला एक दगड होता. त्याला बोडीची माय म्हणायचे. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक डेऱ्यानं तिला नारळ द्यायचा, प्रसाद खायचा, मगच दुसऱ्या दिवशी पानाला हात लावायचा, अशी रीत. आमच्या लोकांचाही नारळ लागायचा. पण तो आम्ही दूर ठेवायचा आणि फोडायचा दुसऱ्यांनी. दगडाला आमची सावली चालत नव्हती. पाणीसुद्धा आम्ही खालच्या टोकाला भरायचो. पुढं आम्ही दीक्षा घेतली, देव सोडायची शपथ घेतली, नारळ बंद केला. तर त्याचाच लोकांना राग. आम्ही नको होतो, आमचा नारळ हवा होता.

त्या साली आमची पोर नुकती चालायला लागली होती. पहिलीच. मोहाच्या फांदीला झोळी बांधून बायको पान तोडायची, मधून येऊन पाजून जायची. एका सकाळी पोरीनं दूध तोंडात घेतलं नाही. अंगाला हात लावला तर तवा. थोड्या वेळानं डोळे वर फिरवायला लागली.

शेजारच्या डेऱ्यात आमच्याच गावची एक म्हातारी होती. वरच्या जातीची, जीभ तिखट, पण मनात काळं नव्हतं. ती धावत आली.

"काहून वो, अजून बसलीच? एक नारळ ठेव मायपुढे. माह्याजवळ हाय. मीच ठेवतो."

"तुमच्या नावानं ठेवा आजी," बायको म्हणाली. "माह्या नावानं नाही."

"पोरीपरिस तुही शपथ मोठी झाली काय?"

"ताप पोरीले हाय, दगडाले नाही. दगड काय करन?"

मी मधे बोललो, "ठेवू दे ना. आपलं काय जाते?"

ती माझ्यावरच उलटली. "पोरगी वाचली तं उद्या तिले काय सांगाल? ज्या दगडाजवळ तिले उभी करत नाही, त्यानं वाचवली म्हणून? सामान राहू द्या. पोरीले पाठीवर घ्या. किरनापुरच्या दवाखान्यात नेऊ."

सगळे म्हणाले, ऊन तरी उतरू द्या. तिनं ऐकलं नाही. जुन्या लुगड्यानं पोर माझ्या पाठीला बांधली आणि पाण्याचा तुंबा घेऊन मागं चालली. पूर्ण उतारभर पोरीच्या डोक्यावर ओला पदर ठेवत होती, बोलत होती. "आली पाह्य सडक. आता मोटर येते. मोटरीत बसाचं ना माह्या मैनेले?" पोर आधी कण्हायची. मग कण्हणं थांबलं. मला वाटलं झोपली.

सडकेवर पळसाखाली बसलो. तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि पदराखाली झाकलं. मोटर आली. कंडक्टर म्हणाला, "बच्ची बीमार है क्या?" ती म्हणाली, "हौ, बुखार है." सगळ्या रस्त्यानं ती पदरानं वारा घालत होती. मी खिडकीतून किरनापुर कधी येते ते बघत होतो.

उतरल्यावर मी दवाखान्याकडे वळलो. ती उभीच राहिली.

"तिकडे नका जाऊ."

"काहून?"

"गेली ते. सडकेवर यायच्या आधीच."

"मंग मोटरीत सांगतलं काहून नाही?"

"उतरवलं असतं आपल्याले. मंग पोरीले गावाले कशी आणली असती?"

पुढच्या साली मी म्हणालो, त्या बोडीवर जायचं नाही. ती म्हणाली, "नाही गेलो तं लोकं म्हणतीन, दगडाले भ्याली." गेलो. डेरा होता तिथंच घातला.

त्या साली पलीकडच्या डेऱ्यातल्या एका बाईच्या लेकराला तसाच ताप चढला. बायको कोणी बोलावलं नसताना गेली. ओलं फडकं दिलं, सांगितलं, "आताच घेऊन उतरा. वाट पाहू नका." त्यांनी फडकं घेतलं, पण उतरले नाहीत. नारळ ठेवला, कोंबडी कापली. आणि लेकरू बरं झालं. एका सकाळी उठून बसलं, पेज मागितली. सगळ्या डेऱ्यांत आनंद झाला. कोणीतरी आमच्याकडे बघून बोललंच, "पाह्यलं काय? एका नारळाचं काम होतं."

बायको पानांच्या गड्ड्या बांधत होती. हात थांबवले नाहीत.

"जगलं ना लेकरू?"

"हौ, जगलं."

"बस मंग."

त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून तिनं मला पहिल्यांदा विचारलं, "ठेवला असता तं वाचली असती काय हो?"

"नाही," मी म्हणालो.

"तुमाले काय माईत?"

मला काहीच माहीत नव्हतं. ताप काहींना सोडतो, काहींना नेतो. का, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही नाही. मी परत म्हणालो, "नसती वाचली." तिनं गंज उतरवला आणि माझं ताट वाढलं.

पुढं आम्हाला दोन लेकरं झाली. त्यांचं अंग जरा तापलं की ती हेच विचारायची, आणि मी तेच सांगायचो. नारळ तिनं कधी ठेवला नाही. त्या माघात खाटेवर पडल्या पडल्या पुन्हा विचारलं. तिचे कान गेले होते, म्हणून मी सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. नसती वाचली.