गोलकीपरच्या जर्सीला दिलेली खळ

आमच्या घरातून राष्ट्रीय फुटबॉलला हातभार लावणारी माणसं दोन. माझे धाकटे दीर गोलकीपर होते, आणि मी साबुदाणा शिजवला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. देशभरातल्या क्लबांची बाद पद्धतीची एक स्पर्धा तेव्हा नवीनच सुरू झाली होती. बाद पद्धत म्हणजे एकदा हरलं की बिछाना गुंडाळून घरी. आमचे सुरेशभाऊजी नागपूरच्या एका क्लबाकडून खेळायचे. स्पर्धेत शिरायचं तर आधी मध्य प्रदेशातल्या एका तगड्या संघाला हरवायचं होतं, आणि तो सामना नागपुरातच होता.

मामंजींचं सेलूला खादीच्या कापडाचं दुकान. अंगात धड सदरा न घालता चेंडूमागं पळणं हा त्यांच्या मते धंदाच नव्हे. त्यांनी जेवता जेवता निकाल दिला, "हा सामना जिंकला तं खेळ. हारला तं बूट माळ्यावर, आन दुसऱ्या दिवशी दुकानात गादीवर." भाऊजींनी मान हलवली, पण हातातला घास काही तोंडापर्यंत गेला नाही. बावीस वर्षांचा माणूस, त्याला फुटबॉल सोडून दुसरं काही येत नव्हतं. (वरणात मीठ कमी आहे हेसुद्धा कळायचं नाही, म्हणून माझे फार लाडके.)

सामन्याच्या दोन दिवस आधी भाऊजी भलंमोठं गाठोडं घेऊन घरी आले. क्लबाचा धोबी लग्नाला गावी निघून गेला होता.

"वहिनी, सगळ्या पोट्ट्यांचे कपडे आहेत. एवढे धुऊन देजा. साधेच. दुसरं काही करू नका."

'दुसरं काही करू नका' हे मला ऐकू आलं नाही असं नाही. आलं. पण मला वाटलं, बिचारे संकोचून राह्यले!

कारण आमच्याकडे खळ न दिलेला कपडा धुतलाच नाही असं समजत. मामंजींच्या टोपीची घडी अशी, की भाजी चिरावी. आणि माझी खळ नेहमी पातळ व्हायची. सासूबाई शेजारणींच्या देखत माझं माहेर काढून म्हणायच्या, "देवळीच्या पोरी गोऱ्या असतात, पण खळ मातर पाण्यावानी." लग्नापासून मी हे गिळत होते. आता देशपातळीची संधी दारात चालून आली होती.

मी दुप्पट साबुदाणा घेतला. घोटून घोटून असा काही शिजवला की त्यात डाव उभा राहिला. वरून नीळ. अकरा जर्स्या आणि अकरा चड्ड्या त्यात बुडवल्या, कडक उन्हात वाळवल्या, कोळशाच्या इस्त्रीनं दाबल्या. गोलकीपरची जर्सी घरची म्हणून तिला दोनदा खळ. ती भिंतीशी ठेवली तर बाह्या पसरून स्वतःच उभी राहिली. सासूबाईंनी तिच्यावर बोटानं टकटक करून पाहिलं. दारासारखा आवाज आला.

"बरी झाली," त्या म्हणाल्या.

त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही.

सामन्याला आम्ही सगळे एसटीनं गेलो. कपड्यांचं गाठोडं मीच मांडीवर धरलं होतं, घडी मोडू नये म्हणून. भाऊजी सकाळीच पुढं गेले होते, त्यामुळं त्यांनी कपडे पाहिले ते अंगात घालतानाच.

संघ मैदानात आला. आला म्हणजे, वाजत आला. पळताना अकरा जणांच्या अंगातून पापड मोडल्यासारखा आवाज. चड्ड्या तर पायांना शिवतच नव्हत्या, प्रत्येकाच्या कमरेला जणू छत्री उघडली होती. कप्तान आमच्या समोरच भाऊजींवर ओरडला, "सुऱ्या, हे काय घालाले देल्लं बे? माहे हात खाली येऊन नाई राह्यले!"

भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नवीन धोबी आहे."

दहाव्या मिनिटाला पहिला गोल आमच्यावर झाला. चेंडू साधा होता, पण भाऊजी बुजगावण्यासारखे हात पसरून उभे. कोपरं वाकेचनात. मामंजी शांतपणे म्हणाले, "उद्या सकाळी आठले दुकान उघडू." एका माणसाचं आयुष्य मी इस्त्री करून घडी घालून ठेवलं होतं.

मध्यंतरात उकाड्यानं हैराण झालेल्या पोरांनी अंगावर बादल्या ओतून घेतल्या. झालं, साबुदाणा पुन्हा जिवंत झाला! कपडे मऊ पडले खरे, पण सगळा संघ चिकट. मिठी मारून आनंद केला की दोघांना दोघांनी ओढून सोडवायचं. आणि आनंदाचे प्रसंग आले, कारण पोरांनी चिडून दोन गोल केले. समोरच्यांनी आमच्या माणसाची जर्सी धरली की आधी स्वतःची बोटं सोडवत बसायचे.

शेवटचं मिनिट. त्यांच्या धिप्पाड गड्यानं अगदी जवळून तोफ सोडावी तसा चेंडू मारला. तो भाऊजींच्या छातीवर आदळला. मी डोळे मिटले. उघडले तर भाऊजी उताणे, दोन्ही हात बाजूला, आणि चेंडू छातीवर जिथल्या तिथं! दोनदा खळ दिलेल्या छातीवरून तो कुठं जाणार? शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो.

भाऊजी आले ते पाया पडायला. मामंजींनी त्यांच्या जर्सीचा काठ दोन बोटांत धरून चोळला. जन्म कापडात गेलेला माणूस.

"कोणं देल्ली ही खळ?"

"धोब्यानं," भाऊजी म्हणाले.

"कोणत्या?"

"इथल्याच. नागपूरच्या."

मामंजींनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "त्याले म्हणजो, एवढा साबुदाणा नको घालत जाऊ. आन तू खेळ."

भाऊजी पुढं पंधरा वर्षं खेळले, मग पोरांना शिकवू लागले. त्या धोब्याचं नाव त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नाही. हे उपकार मी कुठं फेडू?

मागं त्यांचा सत्कार झाला. कुणीतरी विचारलं, तो शेवटचा चेंडू अडला कसा? भाऊजी समोर पाहून हात जोडून म्हणाले, "ही सगळी तिची कृपा." मी पहिल्या रांगेत होते. डोळे भरून आले. पदर सावरून, मान लववून मी तो नमस्कार स्वीकारला.

धाकटी जाऊ माझ्या कानाशी लागली. "ताई, मान वर करा. तुमच्या मागं भिंतीवर देवीचा फोटो आहे, ते तिकडं पाहून राह्यले."