गृहभेटी बंद होताना : शैलजाताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त

शैलजाताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथासाठी मला लेख मागताना संपादक मंडळानं हळूच सुचवलं, "कमलताई, सूर जरा प्रसन्न ठेवा." मी हो म्हणाले. आता लिहायला बसले तर प्रसन्न असं काही सुचतच नाही. कर्णबधिर मुलांच्या घरी जाऊन त्यांना आणि त्यांच्या आयांना बोलतं करायचं, हे काम ताईंनी उभं केलं. ते येत्या एप्रिलपासून बंद होतंय. प्रकाशनाच्या दिवशी हार घातले जातील, भाषणं होतील, आणि पुढच्याच महिन्यात आपल्या गृहभेटी थांबतील. समारंभाला येणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीतही नाही. कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी सांगते. ताई, रागावू नका.

ताईंची आणि माझी ओळख माझ्याच दारात झाली. फुलंब्रीच्या पुढं आमचं गाव. माझी लेक सीमा चालायला लागली, पळायला लागली, पण हाकेला वळून बघायची नाही. सासूबाई म्हणायच्या, "काही लेकरं उशिरा बोलतेत. हिचा बाप बी असाच व्हता." शहरात नेऊन तपासलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ऐकू येत नाही. मी घरी आले आणि कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. दवाखान्यातूनच ताईंच्या संस्थेला कळलं असणार, कारण थोड्याच दिवसांनी एसटीतून उतरून सुती साडीतल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना तोडूनच टाकलं, "आमच्याकडं काही नाय. तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलं." त्या म्हणाल्या, "बरं. पाणी मिळेल का?" पाणी प्यायल्या, ओट्यावर टेकल्या, यंदा कापूस कसा आहे विचारलं, शेळीच्या करडाला कुरवाळलं आणि चालत्या झाल्या. लेकराचा विषयच नाही! मला चैन पडेना. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या, तेव्हा मीच म्हणाले, "ताई, आत या."

ही संस्थेची रीतच होती, हे मला नंतर कळलं. पहिल्या भेटीत मुलाचा विषय काढायचा नाही. कागद-पेन काढायचं नाही. फोटोचं तर नावच नको. ताई नव्या कार्यकर्त्या मुलींना सांगायच्या, "आधी त्या घराला आपल्याकडं बघू द्या. घाई कसली आहे?" ज्या घरात लेकराचं अपंगत्व शेजारणीपासूनही लपवलेलं असतं, तिथं पहिल्याच दिवशी फॉर्म काढला तर दार कायमचं लागतं. मी स्वतः लावलं असतं, खोटं कशाला बोलू!

मग सुरू झालं शिकवणं. मला वाटलेलं, ताई चित्रांची पुस्तकं आणतील. त्या येऊन चुलीपाशी बसल्या. मी भाकरी थापतेय आणि ताई म्हणतायत, "कमल, तिच्या तोंडासमोर तोंड ने आणि सांग. पीठ. पाणी. गरम. रोज तेच सांग, कंटाळू नकोस." सीमाच्या कानात ऐकण्याचं मशीन, छातीवर त्याची पिशवी, आणि मी दिवसभर वेड्यासारखी बडबडतेय. गावातल्या बायका हसायच्या. कित्येक महिन्यांनी सीमानं पहिला शब्द काढला तो 'नको'. मी वांग्याची भाजी वाढत होते! ताईंना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "चला, आता हिला कुणी गप्प बसवणार नाही." आज सीमा चिकलठाण्याला एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर आहे आणि माझ्याशी कडाकडा भांडते. मी पुढं याच कामाला लागले आणि इथंच केस पांढरे केले.

ताईंना नवं काही नको असतं, असं अलीकडं बोललं जातं. मोठ्या माणसांनी हे पसरवावं याचा मला संताप येतो. पिशवीतलं मशीन जाऊन कानामागचं आलं, तेव्हा ते संगणकाला जोडून लेकराच्या ऐकण्याप्रमाणे कसं लावायचं हे आमच्यापैकी सगळ्यांत आधी ताईंनी शिकून घेतलं. मोबाईल आले तेव्हा त्या साठीच्या पुढं होत्या. एका आईचा अंगण झाडता झाडता लेकराशी बोलतानाचा व्हिडिओ काढून त्यांनी तो बाकीच्या आयांना पाठवला. शिक्षिकेपेक्षा शेजारच्या गावच्या बाईचं बघून आया लवकर शिकतात, हे त्यांनी ओळखलं होतं. यंत्र आईच्या हाती द्यावं, आईला यंत्राच्या ताब्यात देऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

देणग्यांचंही तेच. पूर्वी दिवाळीआधी ताई आणि मी शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात फेरी मारायचो. कापडाचे एक म्हातारे व्यापारी आम्हाला लांबूनच हाक मारायचे, "आओ बाई, बैठो! बच्चे कैसे हैं?" देणगी द्यायचेच, वर मशीनच्या पिशव्यांसाठी ताग्यांचे उरलेले तुकडे बांधून द्यायचे. एकेका लेकराचं नाव घेऊन विचारायचे. आता त्या गादीवर मुलगा बसतो. तोही वाईट नाही. म्हणाला, "आंटी, लिंक भेज दो ना, देख लेते." ताईंनी लिंक तयार करून घेतली, आपल्या हातानं पाठवली, सणासुदीला आठवण केली. त्या लिंकवरून कोण आलं? कुणी नाही. चार खुर्च्यांवर बसून चहा पिताना जे नातं जुळायचं ते त्यात मावत नव्हतं, आणि आम्हाला दुसरं काही उभं करता आलं नाही. फेऱ्या थांबल्या आणि आम्ही एका मोठ्या कंपनीच्या निधीवर येऊन पडलो.

इथंच घात झाला. कंपनीनं मुलींना फोन दिले आणि फोनमध्ये एक ॲप. घरात शिरताना बटन दाबायचं, मुलाबरोबर फोटो काढायचा, निघताना पुन्हा बटन. फोटो नाही तर भेट नाही. ताईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "नव्या घरी आम्ही फोटो काढत नाही." कंपनीचा तरुण अधिकारी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाहीये." आमचे विश्वस्त म्हणाले, होईल हो, बघू पुढं. आणि सह्या झाल्या! मुलींनी काय केलं? जे शिकवलं तेच केलं. नव्या घरी गेल्या, पाणी प्यायल्या, गप्पा मारल्या, फोन पिशवीतून काढलाच नाही. एखादी आई बिचकली तर दुसऱ्या, तिसऱ्या भेटीतही नाही. उन्हातान्हात वर्षभर फिरल्या पोरी. वर्षअखेरीच्या आढाव्यात भिंतीवर नकाशा उमटला, आणि नव्या प्रत्येक गावापुढं लाल अक्षरात 'भेट झाली नाही'.

ताई एवढंच म्हणाल्या, "आम्ही गेलो होतो."

तो अधिकारी खाली मान घालून म्हणाला, "मला माहितीये मॅडम. मी स्वतः गावात येऊन बघितलंय. पण मी वर काय दाखवू?"

निधी बंद झाला. मी त्या पोराला दोष देत नाही. दुसऱ्या संस्थांचे लोक हे वाचत असतील तर हात जोडून सांगते, सही करायच्या आधी गावात जाणाऱ्या मुलींना विचारा. बिनफोटोच्या भेटीसाठी एक बटन वाढवून मागा. मिळत नसेल तर उठून या. एकाच दात्याच्या ओसरीला संस्था बांधू नका, आणि दहा ठिकाणचं थोडं थोडं मिळवायला एक जाणतं माणूस पगारावर ठेवा. आम्हाला हे सगळं शहाणपण आता आलंय. त्याचा आमच्या लेकरांना काडीचा उपयोग नाही.

माणसांचं तर विचारूच नका. मुली शिकवून तयार करायच्या आणि कुणीतरी घेऊन जायचं. रुबीना आमची सगळ्यांत गुणी कार्यकर्ती, कुठल्याही रडक्या पोराला खेळवता खेळवता ऐकायला लावणारी. तिला कानाच्या एका खासगी क्लिनिकनं जास्त पगारावर बोलावलं. निरोप घ्यायला आली तेव्हा ढसाढसा रडली. ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, "वेडी आहेस का? आधी घर चालव." मी मात्र फुगून बसले होते. ती गेल्यावर ताई माझ्यावर उखडल्या, "कमल, तिनं काय जन्मभर आपल्यासाठी गरीब राहायचं? त्यागाच्या नावाखाली आपण पोरींना राबवून घेतो, आणि वर त्या गेल्या की तोंड फिरवतो!" विश्वस्तांच्या बैठकीतही त्या हेच बोलल्या. कार्यालयाची रंगरंगोटी थांबवा, आधी पगार वाढवा, मागून येणारं कुणीतरी तयार करा. सगळ्यांनी माना डोलावल्या, पोहे खाल्ले आणि घरी गेले. रंग मात्र लागला.

मग ठराव झाला. गृहभेटी बंद, शहरात एक केंद्र, पालकांनी मुलांना आठवड्यातून एकदा तिथं आणायचं. कागदावर बरं दिसतं. कापूस वेचायचा सोडून, एक लेकरू कडेवर, एक हाताला, दोन एसट्या बदलून कोणती सून येणार आहे? आणि आली तरी केंद्रात तिची चूल कुठाय? त्या बैठकीत ताई एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर मी त्यांना आडवी गेले, "ताई, तुम्ही गप्प कशा बसलात? तुम्ही बोलला असता तर टाप होती का कुणाची?"

"म्हणूनच बोलले नाही," ताई म्हणाल्या. "माझ्या वयाला मान देऊन त्यांनी अजून एक वर्ष ढकललं असतं, आणि ते वर्ष पोरींनी अर्ध्या पगारावर काढलं असतं. ते मला नको आहे."

मात्र एक गोष्ट त्यांनी हट्टानं मागून घेतली. बंद होतंय हे घराघरात फोनवरून कळवायचं नाही. त्या स्वतः जाऊन सांगणार. या वयात, त्या गुडघ्यांनी! गेले काही आठवडे आम्ही दोघी फिरतोय. परवा फुलंब्रीच्या पलीकडं अर्चना नावाच्या एका सुनेकडं गेलो. तिच्या मुलाला मशीन लागून थोडेच महिने झालेत, आत्ता कुठं तो दार वाजलं की वळून बघायला लागलाय. ताईंनी तिचा हात हातात घेऊन शांतपणे सगळं सांगितलं. तिला आधी कळेचना.

"म्हंजी आता कुणीच नाय येणार?"

"नाही बाळा. केंद्र आहे, तिथं यायचं."

अर्चनानं लेकराच्या कानामागचं मशीन नीट बसवलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माझं काय चुकलं का, ताई? मी मशीन घालते त्याला. मागल्या हप्त्यात तेवढं राहिलं व्हतं, त्याला ताप व्हता म्हणून. आता नाय राहू देणार. खरंच नाय राहू देणार."

ताईंनी किती परीनं समजावलं, तुझं काही चुकलं नाही, अगं, पैसे संपलेत, आमचं चुकलंय. तिला पटलं नाही. आम्ही निघालो तरी ती ओट्यावरून सांगत होती, रोज घालीन म्हणून. गाडीत बसल्यावर ताई रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. मला म्हणाल्या, "कमल, तो समारंभ नाही केला तर चालणार नाही का गं?" मी म्हटलं, पत्रिका छापून झाल्यात. खोटं होतं ते. छापायला जायच्या होत्या. पण तुमचं नाव निदान एकदा तरी मोठ्यानं घेतलं जावं, असं मला वाटलं.

रीतीप्रमाणे आता दीर्घायुष्य मागायला हवं. ताई, ते मागताना माझी जीभ अडखळते. कारण वर्षं मिळाली तर ती ही पडझड बघण्यातच जाणार, आणि आम्ही काही नवं उभं करू असं वचन द्यायला माझ्या अंगात बळ नाही. तरी मागते. तुम्ही शंभरी गाठा. गुडघे साथ देवोत, डोळे शाबूत राहोत, रात्रीची झोप लागो. आणि पुढं कधी एखाद्या दुपारी घरात एकट्या बसून तुम्ही अर्चनासारखंच स्वतःला विचारायला लागलात, की माझं काय चुकलं, तर मला फोन करा. मी पहिल्या एसटीनं येईन आणि तुम्हाला पटेपर्यंत सांगत राहीन, की ताई, तुमचं काही चुकलं नव्हतं.