सबनीसांची बंद बॅग

मॅच संपली की सबनीस बर्फाच्या रिंकच्या बाहेरच्या बाकावर तासभर बसून राहायचे. मांडीवर काळी बॅग, तिची चेन घट्ट लावलेली, आणि दुबईच्या त्या घामट उकाड्यात अंगात लोकरीचा स्वेटर. मुलं त्या बाकाजवळच्या दारातूनच बाहेर पडायची. करामा भागातल्या एका फोटो स्टुडिओत ते नोकरीला होते आणि दर शुक्रवारी मुलांच्या आइस हॉकीचे फोटो काढायचे, एवढंच मला माहीत होतं. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून खटकला. त्यांचा कॅमेरा सारखा आमच्या दहा वर्षांच्या अनिकेतवर रोखलेला असायचा.

एकदा मी तोंडावरच विचारलं, माझ्याच मुलाचे फोटो का? त्यावर त्यांनी खिशातून जुन्या मॅचच्या फोटोंची कात्रणं काढली. पूर्वीचे गोलकीपर म्हणे मुखवटा घालत नसत, चेहऱ्यावरची भीती सरळ फोटोत यायची.

"आता सगळ्यांचेच हेल्मेटच्या जाळीआड फक्त डोळे उरलेत, वहिनी. मी डोळ्यांसाठी थांबतो. तुमच्या मुलाचे डोळे बोलतात."

हे ऐकून माझा संशय दुप्पट झाला. त्यांचं दुसरं पालुपद असायचं, "बर्फ कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो, पांढऱ्याचं करडं करतो. मीटरवर विश्वास ठेवायचा नाही." चला, म्हटलं, विश्वास न ठेवण्यावर तरी आमचं एकमत आहे!

एका शुक्रवारी मी ठरवूनच गेले. रिंकभोवतीच्या काचेमागे उभी राहिले ती सबनीसांवर नजर ठेवून. मॅच संपल्यावर बाहेर येऊन त्यांना म्हटलं, बॅग उघडून दाखवा. ते म्हणाले, "आत्ता नाही. तासाभराने दाखवतो." मग काय, मी गार्डलाच बोलावलं. त्याने चेन ओढली. आत कॅमेरा होता, बर्फासारखा गार. बाहेरची दमट हवा लागताच त्याच्या लेन्सवर दव धरलं, काच पांढरी झाली. गार कॅमेरा बंद बॅगेतच हळूहळू बाहेरच्या उकाड्याला सरावावा म्हणून ते तासभर बसायचे, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. सबनीस स्वेटरच्या बाहीने हलकेच कॅमेरा पुसत बसले.

गाडीत अनिकेतने विचारलं, "आई, डिड यू सी माय गोल?" आयुष्यातला पहिला गोल होता त्याचा. मी म्हटलं, हो तर, पाहिला की.

पुढच्या शुक्रवारी सबनीस आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी माफी मागायला मी स्टुडिओत गेले, तर ते नोकरी सोडून नाशिकला परत गेले होते. आमच्यासाठी एक पाकीट ठेवलं होतं. त्यात एकच फोटो होता आणि मागे त्यांच्या अक्षरात, 'अनिकेतचा पहिला गोल'.

फोटो मी घरी अनिकेतसोबतच पाहिला. स्टिक वर केलेली, जाळीआड लकाकणारे डोळे काचेकडे, माझ्याकडे वळलेले. आणि काचेमागे मी. कपाळाला आठ्या घालून थेट कॅमेऱ्याकडे बघत असलेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अनिकेतने फोटोतल्या माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"बट आई," तो हळूच म्हणाला, "यू सेड यू सॉ इट."