जोराची बाजू

कुंपणाच्या कामासाठी कोणी बोलवायला आलं की बाबा आधी एकच गोष्ट विचारायचे, "जोर कुठून येते?"

शेताचं कुंपण असलं तर रानडुक्कर आणि रोही बाहेरून धडकणार, म्हणून आडव्या फळ्या खांबांच्या बाहेरच्या अंगाला. गुरांचा वाडा असला तर ढोरं आतून रेटणार, म्हणून फळ्या आतल्या अंगाला. जनावर जितकं रेटेल तितकी फळी खांबावर दाबली जाते, खिळा उपटत नाही. उलट्या बाजूला ठोकलेली फळी दोन धडकांत निघते. हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी कळलं होतं.

आमचं गाव वणीच्या पुढे, कोळशाच्या रस्त्याला लागून आहे. ट्रक इतके जातात की रस्त्याकडच्या ओळींतला कापूस वेचताना बोटं काळी होतात. बाबांचं थोडं शेत होतं, पण उन्हाळाभर ते लोकांची कुंपणं घालायचे. मी घरातली पहिली पदवीधर. माझं शिक्षण त्या कुंपणांवर झालं हे मी कुठंही सांगते, आणि सांगताना मला बरं वाटतं. आज यवतमाळला मुलांना भूगोल शिकवते, तो खडू हातात आला त्यांच्यामुळे. त्यांना स्वतःला सही करताना घाम फुटायचा.

मी अकरावीला वणीला जायला लागले त्या वर्षी बाबांनी घरामागं नवं कुंपण घातलं. खांब सागाचे, फळ्याही सागाच्या. फाटक पुढच्या अंगाला होतं, पण मागच्या बाजूनं रस्ता जवळ पडायचा आणि एसटी तिथंच थांबायची. म्हणून त्यांनी कुंपणात एक जागा मोकळी ठेवली आणि तिच्यात दोन फांद्या फुटलेला एक जाड खांब रोवला. माणूस त्या फांद्यांमधून पाय टाकून आडवा निघतो, ढोर अडतं. संध्याकाळी एसटी थांबली की बाबा पलीकडे रस्त्याच्या कडेला उभे असायचे. माझं दप्तर घ्यायचे, आधी ते कुंपणावरून आत ठेवायचे आणि मग मला वाट द्यायचे. कधी विचारलं नाही आज काय शिकवलं. फक्त म्हणायचे, "भूक लागली असन."

काही वर्षांपूर्वी बाबा विसरायला लागले. आधी शब्द गेले, मग शेजारी, मग स्वतःचं शेत कोणत्या दिशेला ते. यवतमाळच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, माणूस जपा. आम्ही जपत होतो. धाकटा भाऊ गावातच राहतो, माय दिवसभर त्यांच्या मागं असते. पण संध्याकाळी एसटीची वेळ झाली की बाबा उठायचे. घड्याळ वाचता येत नव्हतं, तरी वेळ चुकत नव्हती. त्या खांबातून निघायचे आणि रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. ती एसटी बंद होऊनही बरीच वर्षं झाली होती.

दिवाळीच्या सुटीत मी घरी होते तेव्हा त्यांना अडवायला मी वाटेत उभी राहिले.

"बाबा, मी आली ना. हे पाहा, घरीच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानशिलावरचे केस पांढरे झालेत. ते आदरानं बाजूला सरले आणि म्हणाले, "तुम्ही बसा बाई. चहा घ्या. माह्या पोरीची गाडी आली."



त्याच सुटीत एका दिवशी आमची नजर चुकली. माय दिवे लावत होती, मी स्वयंपाकघरात होते. रस्त्यावर ब्रेकचा आवाज झाला, इतका लांब की तो संपायची वाट पाहावी लागली. बाहेर धावले तेव्हा कोळशाचा एक ट्रक अर्धा रस्त्याखाली उतरला होता आणि ड्रायव्हर बाबांचा दंड धरून त्यांना आमच्याकडे आणत होता.

"घर में कोई है के नहीं? बुढा बीच रोड में हात दिखाके खडा है, जैसे बस रोकून राह्यला! माल भरेला आहे गाडीत. ब्रेक नसता लागला तर मी काय तोंड दाखवलं असतं?"

माय त्याच्या पाया पडायला वाकली तसा तो मागं सरला. "पाया नका पडू, माय. बांधून ठेवा त्याईले."

बाबा त्याला म्हणाले, "पोरगी उतरली का?"

त्या संध्याकाळी कोणी जेवलं नाही. भाऊ बराच वेळ कुंपणाजवळ बसून होता. आत आला आणि म्हणाला, "बांधनं मले जमनार नाई. कुंपणच नीट करू."

कुंपण होतं नावाला. फळ्या अजून टणक होत्या, पण खांब जमिनीलगत उधईनं पोखरले होते. हातानं हलवले तर दातासारखे हलत. भावानं वणीहून जीआयचे पाइप आणले, जस्ताचा मुलामा दिलेले. जुने खांब सब्बलीनं काढायचे, त्याच खड्ड्यात पाइप उभे करून गिट्टी-सिमेंट भरायचं, आणि जुन्या फळ्या क्लॅम्पनं त्यांना आवळायच्या, असं ठरलं.

बाबांना आम्ही काही सांगितलं नाही. पण काम दिसलं तसे ते खाटेवरून उठून आले. पाइपावर नख घासून पाहिलं.

"हे लोखंड गंजन."

"नाई गंजत बाबा. जस्त हाय वरून."

"उधई?"

"लोखंडाले उधई कशी लागन?"

"तुह्या खोपडीले लागली तशी," बाबा म्हणाले. भाऊ हसला, मीही हसले. फार दिवसांनी त्यांनी कोणाला टोमणा मारला होता. दोन दिवस ते आमच्याबरोबर होते. मी दोरी धरली, त्यांनी ओळंबा धरला. भावाचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण पाइप केसभर कलला की ते जीभ टाळूला लावून आवाज करायचे आणि तो सरळ झाल्याशिवाय भावाला सिमेंट टाकू द्यायचे नाहीत. माय दारातून पाहत होती. "आज बरे दिसून राह्यले," ती मला हळूच म्हणाली, आणि लगेच पदर तोंडाला लावून आत गेली.

दोन फांद्यांच्या खांबाजवळ आल्यावर भाऊ थांबला. "ताई, हे ठेवू का काढू?"

त्याला काढायला सांगणारं कोणी हवं होतं. मी म्हटलं, "काढ."

तो खांब मात्र सहज निघाला नाही. बाबांनी त्याचं बूड जाळून काळं केलं होतं, वरून जळकं तेल पाजलं होतं. उधई त्याच्या वाटेला गेलीच नव्हती. शेवटी भावानं तो जमिनीलगत कापला. त्या जागेत एक पाइप उभा केला आणि मोकळी वाट फळ्यांनी बुजवली.

सिमेंट धरल्यावर भावानं फळ्या आवळायला घेतल्या. बाबा त्याच्यामागून आले. झालेल्या भागावरून त्यांनी तळवा फिरवला, मग खाली वाकून पाइप आणि फळी यांच्यामध्ये पाहिलं. पूर्वी या फळ्या बाहेरच्या अंगाला होत्या. भावानं त्या आतल्या अंगाला लावल्या होत्या. त्यालाही बाबांनीच शिकवलं होतं.

"ढोरं तं इकली ना आपन?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मंग आतून कोणाचा जोर येते?"

भाऊ पान्याकडे पाहत राहिला. मी दोरी गुंडाळत होते ती पुन्हा उलगडून गुंडाळायला लागले.

"बकरी घ्याची हाय," माय दारातून म्हणाली.

बाबांनी कुंपणाची उंची पाहिली. ती त्यांच्या छातीच्या वर येत होती.

"बकरीले एवढं?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. बाबांनी तिकडे पाहिलं, मग बुजवलेल्या वाटेकडे, मग मायकडे. मी त्यांना आयुष्यभर पाहिलंय. त्या क्षणी ते पूर्ण आमच्यात होते, आणि मला वाटलं, आत्ता त्यांनी नसायला हवं होतं.

त्यांनी भावाच्या हातातून पाना घेतला. लावलेला बोल्ट खोलला, उलटा फिरवून पुन्हा घातला आणि पलीकडून आवळायला सांगितलं.

"नट बाहीरून ठेवजो," ते म्हणाले. "आतून हाताले लागला तं खोलन तो."

'तो' कोण, हे भावानं विचारलं नाही. तो फाटकातून बाहेर गेला आणि दिवस मावळेपर्यंत एकेक नट बाहेरून आवळत राहिला. आतून बोल्टचं डोकं बाबांनी धरून ठेवलं होतं.

नंतर ते बसले आणि मला म्हणाले, "बाई, तुमचं गाव कोनतं?"

त्याला आता दोन वर्षं होतील. बाबा रस्त्यावर गेलेले नाहीत. संध्याकाळी उठतात, फाटकाकडे वळत नाहीत, जिथं वाट होती तिथंच जातात, तिथला पाइप दोन्ही हातांनी धरून रेटतात. तो हलत नाही. मग तो धरून अंधार पडेपर्यंत उभे राहतात. उन्हाळ्यात पाइप तापतो म्हणून मायनं त्याला पोत्याचं कापड गुंडाळलं होतं, ते त्यांनी काढून टाकलं. बाकीचे पाइप आता राखाडी पडलेत. त्या एकावर छातीच्या उंचीला वीतभर जागा अजून चकचकते.

मी सुटीत जाते तेव्हा त्या वेळी पिशवी खांद्याला लावून मागच्या रस्त्यानं येते. कुंपणापलीकडे उभी राहून पिशवी फळ्यांवरून त्यांच्याकडे देते. ते ती घेतात, आत ठेवतात. मग मला वाट द्यायला बाजूला सरतात आणि वाट शोधतात.

मी म्हणते, "थांबा बाबा, मी फाटकातून येते."

फाटकातून येईपर्यंत ते पुन्हा पाइप धरून रस्त्याकडे पाहत असतात.