शब्बीरभाईंची न दिसणारी खूण

पाथर्डीत शब्बीरभाईंकडून लग्नाचे फोटो काढून घेतले, की नवरा-नवरीच्या आधी शब्बीरभाईच दिसायचे. 'शब्बीर फोटो, पाथर्डी' अशी पिवळी अक्षरं फोटोभर आडवी पसरलेली. एकदा एक वरमाई तणतणत आली. "भाई, नवरीच्या नाकावर तुमचं नाव आलंय!" भाई शांतपणे म्हणाले, "नथ समजा, ताई."

मी तिथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. मला ती अक्षरं बघवेनात, म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. फोटोंचं फोल्डर दाखवलं, की प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात बारीक, फिकट नाव आपोआप उमटायचं. भाईंनी चष्मा पुसून कोपरा न्याहाळला. "सर, नाव लई लाजतंय. आन कुनी कोपराच कापला तर?"

मग मी त्यांना छुप्या खुणेबद्दल सांगितलं. डिजिटल फोटो म्हणजे शेवटी रंगांचे आकडे. ते डोळ्याला कळणार नाही इतके किंचित बदलून त्यात मजकूर लपवता येतो. तोच मजकूर फोटोभर पुन्हा पुन्हा पेरला, तर कोपरा कापला तरी उरलेल्या फोटोतून प्रोग्राम तो वाचून दाखवतो. भाई खुलले. "म्हंजे अत्तर! दिसत न्हाई, पन हाय." काय लपवायचं ते टाइप करायला मी एक चौकट ठेवली होती. ती भाई स्वतःच भरायचे.

दसरा झाला, की ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या त्यांच्या स्टुडिओपुढे ट्रॅक्टर थांबवत. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांसोबत, पोरांसोबत एक फोटो काढायचा आणि मग कारखान्याची वाट धरायची, हा तिथला रिवाजच. एका वर्षी गयाबाई कोयता घेऊन पुढे आल्या. "भाऊ, माझा एकटीचा काढा. कधी निघालाच न्हाई." आणि त्या अशा हसल्या, की भाईंनी तो फोटो मला मुद्दाम बोलावून दाखवला. त्या हंगामातून गयाबाई परतल्याच नाहीत. तिकडेच तापाने गेल्या. त्यांची मुलगी सुमन हिच्याकडे आईचा तेवढा एकच फोटो राहिला.

पुढे नगरला एका छायाचित्र स्पर्धेचं प्रदर्शन बघायला आम्ही दोघं गेलो, तर पहिल्या बक्षिसाच्या जागी गयाबाई! कोपरा कापलेला, खाली भलत्याच फोटोग्राफरचं नाव आणि शीर्षक 'अनामिका'. "आईच्या श्रद्धांजलीच्या बॅनरला लावतो," असं सांगून त्याने सुमनकडून फाईल नेली होती, हे नंतर कळलं. भाई त्याच्या नावाकडे बघतही नव्हते. त्यांची नजर शीर्षकावर खिळली होती. "बिननावाची म्हनतो हिला?"

मी तावातावाने संयोजकांपुढे आणि त्या विजेत्यापुढे लॅपटॉप उघडला. स्पर्धेला आलेली फाईल प्रोग्रामला दिली आणि पडद्यावर अक्षरं आली : 'गयाबाई. सुमनची आई.' शब्बीरभाईंचं नाव कुठेच नव्हतं. मी प्रोग्राम पुन्हा चालवला, तरी तेच. संयोजक म्हणाले, "यात तुमचं नाव कुठंय?"

"माझं कोपऱ्यात हुतं, ते यानं कापलं. आत मी ज्याचा फोटो त्याचंच नाव टाकतो. मी काय, नुस्तं बटन दाबलं."

संयोजक त्या विजेत्याकडे वळले. "ही अक्षरं तुमच्या फोटोत कुठून आली, सांगा बरं." फाईल सुमनकडून आणल्याचं त्याने कबूल केलं. बक्षीस परत घेतलं गेलं. भाई एवढंच म्हणाले, "बक्षिसाचं तुमी बघा. पन ते 'अनामिका' खोडून गयाबाई लिवा. आत्ता, माझ्यासमोर." लिहून होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. मला या माणसाचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात भाई गेले. सगळ्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा धड फोटो घरात सापडेना. माझ्या मोबाईलमध्ये एक होता, बशीतला चहा फुंकतानाचा. तो मोठा करून, फ्रेममध्ये बसवून मी भाभींना नेऊन दिला. त्यांनी पदराने काच पुसली आणि कितीतरी वेळ कोपऱ्यात काहीतरी शोधत राहिल्या.

"सर, यांचं नाव टाकलं न्हाई व्हय? यांना लई हौस हुती."

"टाकलंय, भाभी," मी म्हणालो. "दिसत न्हाई, पन हाय."