तळाशी काही उरलं नाही

मैदानावरचं एरोबिक्स संपलं, तशी शेजारच्या सुमनताईंनी पिशवीतून बाटली काढली आणि पाण्यात वाटाण्याच्या प्रोटीनची पावडर घालून ती खळखळ हलवली. पहिला डबा त्यांनी घरातच वाटून संपवला होता. थोडी पावडर मुलाच्या दुधात, थोडी नवऱ्याच्या लापशीत. त्यांच्या वाट्याला आला फक्त चमचा, तोही घासायला. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल ते आपलं, ही आम्हा बायकांची जुनी खोड.

आज मात्र घामाने निथळत त्या उभ्याउभ्याच घटाघट पीत होत्या.

“आणि घरच्यांना?” मी विचारलं.

“त्यांनी आधी माझ्याबरोबर तासभर उड्या माराव्यात!” त्या म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर बाटली उलटी करून दाखवली. थेंबसुद्धा पडला नाही.