सोन्याचं पाणी आणि साळवे सरांचा पाव आणा

सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे किस्से कसे साचतात ते मला विचारा! पण खरं सांगू, गाडीत जेवढे साचले नाहीत तेवढे रिटायर झाल्यावर साळवे सरांच्या हॉलमध्ये साचले. दर रविवारी सकाळी सावेडीला त्यांच्या घरी आम्ही चार-सहा नाणेवेडे जमतो. कुणीतरी नवा माणूस रुमालात गुंडाळलेलं नाणं घेऊन येतोच, आणि दहापैकी आठ वेळा ते सोन्याचं पाणी चढवलेलं असतं!

साळवे सर म्हणजे मिशनच्या शाळेतले रिटायर मास्तर. छडी सुटली, आवाज तसाच. राणीच्या छापाचे तांब्याचे पाव आणे जमवतात. सगळ्या सालांचे आहेत, फक्त एक साल नाही. अल्बमात तो एक कप्पा अकरा वर्षं रिकामा. सरांनी त्या सालासाठी भंगारवाले पालथे घातले, मोडीची दुकानं पालथी घातली. माझ्या मुलाच्या लग्नात व्याह्याला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तुमच्याकडे जुने पाव आणे आहेत का हो?"

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. मला एक जुना, काळा पडलेला पाव आणा मिळाला. म्हटलं, सरांना खूश करू. चिंच लावून रात्रभर ठेवला, सकाळी घासून लख्ख केला. सरांनी हातात घेतला आणि कपाळावर हात मारला.

"कंडक्टर, हे तोंड धुतलंत का सोलून काढलंत?"

तेव्हा कळलं. जुन्या नाण्याच्या अंगावरचा काळपटपणा हीच त्याची इस्टेट. ती घासली, किंवा वरून सोनं चढवलं, की शौकीन माणूस त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सर पुढचे तीन रविवार माझ्याशी बोलले नाहीत.

एकदा सुप्याच्या एमआयडीसीतला एक जण आला. कंपनीनं समारंभात सोन्याचं पाणी दिलेलं नाणं दिलेलं.

"सर, काय किंमत येईल?"

"सोनं कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ आहे बाबा. विकायला जाऊ नकोस. घरात चार लोकांना दाखवायला ठेव."

"दाखवूनच तर झालंय सर! ह्याच्यावर सासऱ्यानं पोरगी दिली!"

सरांनी भिंग खाली ठेवलं. "मग वसूल झालं की!"

कोपरगावचे बाळासाहेब तर पूर्ण सेटच घेऊन आले. ऊसवाला माणूस, टीव्हीवरची जाहिरात बघून चोवीस नाणी मागवलेली. मखमल, पेटी, सर्टिफिकेट, सगळा थाट! सरांनी एकेक नाणं बघितलं, सर्टिफिकेट वाचलं, मग पेटीवरून हात फिरवला.

"बाळासाहेब, पेटी सागवानी आहे."

"आन नानी?"

"पेटी लई चांगली आहे."

बाळासाहेब एवढे हसले की ठसका लागला. दुसऱ्या रविवारी रसाचा कॅन घेऊन हजर! तेव्हापासून आमच्यातलेच झाले. अजून नाण्यातलं काही कळत नाही, पण माणूस सोन्यासारखा.

शिंगणापूरचा एक प्रसादवाला यायचा. गल्ल्यावर सोनेरी रुपया उघडाच ठेवायचा.

मी विचारलं, "चोरीला न्हाई का गेला कधी?"

"गेल्ता ना! तिसऱ्या दिवशी चोरानं गुपचूप आनून ठेवला."

"शनिदेवाची भीती, दुसरं काय!"

"कसली भीती वो! सराफाला दाखवून आला आसंल!"

आता गेल्या नाताळचं सांगतो.

नाताळचा फराळ सरांकडेच असतो. रूथ वहिनींच्या करंज्या खाल्ल्या की वर्षभर दुसऱ्या करंज्या गोड लागत नाहीत. दर रविवारी आमचा आरडाओरडा चालतो तेव्हा वहिनी आत स्वयंपाकघरात असतात. चहा पाठवतात, पण नाण्यांत कधी लक्ष घालत नाहीत. निदान आम्हाला तसं वाटायचं.

त्या दिवशी त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि सरांच्या हातात एक छोटी डबी दिली. सरांनी उघडली. आत राणीचा पाव आणा. सरांनी भिंग लावून साल बघितलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला. मी वाकून बघितलं. तेच साल हो, अकरा वर्षं शोधलेलं!

आणि नाणं नखशिखांत पिवळंधमक.

"मावशीच्या शिवणाच्या डब्यात सापडलं," वहिनी सांगत होत्या. "पार काळंकुट्ट हुतं. तुमाला असं कसं द्यायचं? सराफाकडून सोन्याचं पाणी देऊन आणलं. दर रविवारी तुमी सगळे सोन्याच्याच नाण्यांवर बोलत बसता, मला आतून ऐकू येतं ना!"

बाळासाहेबांची चकली तोंडाजवळच राहिली. देवा, आता सर काय बोलतात!

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उठून आतून अल्बम आणला. आमच्यासमोर नाणं त्या कप्प्यात सरकवलं आणि म्हणाले, "रूथ, करंज्या आण अजून." वहिनी लगबगीनं आत गेल्या. आमच्यापैकी कुणाची वर बघायची हिंमत झाली नाही.

मला मात्र चैन पडेना. चार महिने जिथं जाईन तिथं विचारत होतो. शेवटी कोपरगावला एका मोडवाल्याकडे सापडला. तेच साल! काळा, अस्सल, कुणी बोटसुद्धा न लावलेला. पहिली गाडी पकडून तडक सरांकडे. वहिनी तिथंच बसून मेथी निवडत होत्या.

सरांनी नाणं तळहातावर घेतलं. भिंगातून पुढून बघितलं, मागून बघितलं, परत पुढून बघितलं. खूप वेळ. मग माझ्या हातात परत ठेवलं आणि माझी बोटं मिटवली.

"सुरेख आहे. पण कंडक्टर, हे माझ्याकडे आहे."